अल्सरचा तक्ता घड्याळावर बसवताना

अल्सर निघाल्यावर माणूस आमच्याकडे येतो तो बहुतेक एकच प्रश्न घेऊन: काय काय बंद करू? तर्री बंद, सावजी बंद, वांगं बंद अशी यादी त्यानं घरीच करून ठेवलेली असते. आहाराचा तक्ता देणं हे आमचं काम, तरी ताटाकडे वळण्याआधी आम्ही त्याला औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतो. गुडघ्याची पट्टी निघते, कंबरेची निघते, दाढदुखीच्या वेळची उरलेली निघते, दुकानातून दोन-दोन सुट्या आणलेल्या निघतात. मागची बारीक अक्षरं वाचली की डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नाहीतर रोजची अ‍ॅस्पिरिन. जठराच्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्यात बायकार्बोनेट मुरलेलं असतं, आणि हा थर सतत नवा होत राहावा म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन बनवतं. या गोळ्या नेमकं तेच कमी करतात. थर पातळ पडला की आपलंच आम्ल आपल्याच अस्तराला खणायला लागतं. ‘मी तर जेवूनच घेतो’ हे उत्तर रोज ऐकायला मिळतं. पण हा परिणाम रक्तातून होतो. जेवून घेतल्यानं जळजळ कमी वाटेल, व्रण टळत नाही.

म्हणून तक्त्याची पहिली ओळ खाण्याची नसतेच. दुखण्याची ही गोळी बंद, तूर्त गरज पडली तर पॅरासिटामॉल. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून थांबवायची नाही, ती ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारायचं.

दुसरं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो माणसाच्या जठरातून घेऊन वाढवून दाखवला आणि २००५ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. तोवर सगळा दोष मिरचीचा आणि काळजीचा मानला जायचा. आपल्याकडे घराघरांत अजून तसंच मानतात. खरं तर १९८४ मध्ये दिल्लीतल्या डॉक्टरांनी लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर असलेल्या रुग्णांना औषधांसोबत रोज ३ ग्रॅम लाल तिखट देऊन पाहिलं होतं. तिखट खाणाऱ्यांचे आणि न खाणाऱ्यांचे व्रण सारखेच भरून आले. भरत्या व्रणावर तिखट झोंबतं, त्यामुळे सुरुवातीला कमी करणं शहाणपणाचंच आहे. पण ज्यानं तिखट सोडलं आणि जंतू तसाच ठेवला, त्याचा अल्सर परत येतो.

जंतू आहे की नाही ते दुर्बिणीच्या तपासणीत कळतं आणि पहिली चूक इथंच होते. आमच्या नागपुरात रामदासपेठ-धंतोलीतला खासगी दवाखाना असो की सरकारी मेडिकलचं सुपर स्पेशालिटी, पद्धत तीच: सहा ते आठ तास उपाशी, घशात बधिर करणारा फवारा, पाच-दहा मिनिटांची तपासणी, आणि जठरातून घेतलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा एका छोट्या पिवळ्या जेलमध्ये. जंतू असेल तर त्याचं युरिएज युरियातून अमोनिया काढतं आणि जेल गुलाबी होत जातं. आता हाच माणूस तीन महिन्यांपासून रोज पँटोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, घेत असेल, तर जंतूंची संख्या इतकी घटलेली असते की जेल पिवळंच राहतं. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ छापून येतं आणि जंतू आतच. म्हणून तपासणीआधी दोन आठवडे अशी गोळी थांबवता येईल का, आणि प्रतिजैविक घेतलं असेल तर चार आठवडे झालेत का, हे डॉक्टरांना विचारून घ्यायचं. रक्तस्राव झालेल्यानं मात्र गोळी परस्पर थांबवायची नाही. त्याची तपासणी नंतर पुन्हा करता येते. पॅकेजमध्ये मिळणारी रक्तातली अँटीबॉडीची चाचणी या कामाला कमी पडते, कारण जंतू गेल्यावरही ती कितीतरी महिने पॉझिटिव्ह राहते.

आणखी एक, उशीर करून चालत नाही म्हणून इथंच सांगतो. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वास येणारी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, गिळायला त्रास, न करता उतरलेलं वजन, किंवा पोट एकदम लाकडासारखं कडक होऊन असह्य दुखणं, यातलं काहीही झालं तर तक्ता बाजूला ठेवून थेट दवाखाना. आणि चाळिशीनंतर छातीच्या खाली दुखून घाम सुटला तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिण्याआधी ईसीजी.

जंतू सापडला की चौदा दिवसांचा कोर्स येतो. नेहमीचा एक असा: आम्ल कमी करणारी गोळी, अ‍ॅमॉक्सिसिलिन १ ग्रॅम आणि क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, तिन्ही दिवसातून दोनदा. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल ५०० च्या असल्या तर एका वेळी दोन, दिवसाच्या चार, चौदा दिवसांच्या छप्पन्न. हा आकडा आम्ही पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देतो, कारण पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस डगमगतो. तोवर दुखणं थांबलेलं असतं आणि तोंडात मात्र सतत नाणं चघळल्यासारखी कडू-धातूची चव असते. ती क्लॅरिथ्रोमायसिनची, कोर्स संपला की जाते. प्रतिजैविक पोटभर जेवून लगेच घ्यायचं, वर बडीशेप-खडीसाखर चघळायची. अर्ध्यात सोडलं तर उरतात ते औषधाला पुरून उरलेले जंतू, आणि पुढच्या वेळी तेच क्लॅरिथ्रोमायसिन चालत नाही. भारतात या औषधाला आणि मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे जंतू आधीच पुष्कळ आहेत. म्हणून काही डॉक्टर थेट बिस्मथचा चार औषधांचा कोर्स देतात. त्यात जीभ आणि शौच काळी होते, ती बिस्मथची. आणि टेट्रासायक्लिन असेल तर दूध, दही, कॅल्शियम, लोह, झिंक सगळं त्यापासून दोन तास लांब. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू पूर्ण बंद.

पिशवीत नेहमी सापडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पँटोप्राझोल आणि मळमळीवरचं डोम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल. क्लॅरिथ्रोमायसिन सुरू असताना डोम्पेरिडोन नको. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तीही दाखवायची, काही स्टॅटिन या दिवसांत थांबवावी लागतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर ती डॉक्टरांनी विचारायची वाट पाहायची नाही.

आता घड्याळ. आमच्याकडे ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्यांत औषध चुकीचं असलेले थोडे, वेळ चुकलेली असलेले फार. पँटोप्राझोल किंवा त्याच्या जातीची गोळी जठरातल्या आम्लाच्या पंपांवर बसते, पण जे पंप चालू आहेत त्यांच्यावरच. पंप चालू होतात जेवणानं. गोळी रक्तात पोहोचलेली असताना पंप सुरू व्हायला हवेत, म्हणून ती खाण्याआधी तीस ते साठ मिनिटं, साध्या पाण्यासोबत. प्रत्यक्षात होतं काय? सकाळी उठल्यावर चहा, दोन टोस्ट, मग पेपर, मग आठवण आली की गोळी, आणि त्यानंतर थेट बारा वाजता जेवण. अशी गोळी निम्मी वाया. आमचा तक्ता असा असतो: साडेसहाला गोळी, सव्वासातला नाश्ता, चहा नाश्त्यासोबत किंवा नंतर. दोनदा घ्यायची असेल तर दुसरी रात्रीच्या जेवणाआधी पाऊण तास. बुटीबोरीच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यानं सूर्याकडे बघायचं नाही. झोपून उठल्यावरचं जे पहिलं खाणं, त्याच्या आधी गोळी, मग ते दुपारी दोनला असो. चावायची किंवा कुटायची नाही, वरचं आवरण आम्लापासून वाचवायलाच असतं. पूर्ण असर दिसायला तीन-चार दिवस लागतात, तेवढे पातळ अँटासिडवर काढायचे. तेही जेवणानंतर तासाभरानं, गोळीसोबत नाही.

सुक्राल्फेट दिलं असेल तर तक्त्यात आणखी एक रकाना लागतो. ते आम्लात चिकट होऊन व्रणावर लिंपलं जातं, म्हणून रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर, आणि बाकीची औषधं त्याच्यापासून दोन तास दूर. बद्धकोष्ठ झालं तर दोष बहुतेक त्याचाच.

ताटाचं सांगायचं तर आधी दुधाबद्दल. ‘रात्री थंड दूध पी, आग विझेल’ हा सल्ला प्रत्येक घरात आहे. शिकागोच्या बर्ट्रम सिपी या डॉक्टरांनी १९१५ मध्ये अल्सरला दर तासाला दूध-साय देण्याची पद्धत आणली आणि ती जगभर कित्येक दशकं चालली. दूध आम्लाला थोडा वेळ बोथट करतं, आग शांत होते, हे खरं. पण दुधातलं प्रथिन आणि कॅल्शियम जठराला नवं आम्ल सोडायला लावतात, आणि रात्री दोनला माणूस पुन्हा उठून बसतो. जेवणासोबत कपभर दूध प्यायला हरकत नाही. झोपताना मात्र दूध नाही आणि दुसरं काहीही नाही. शेवटचं जेवण झोपण्याआधी तीन तास. दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचा सल्लाही त्याच काळातला. प्रत्येक खाण्यानं आम्ल सुटतंच. दिवसातून चार वेळा, ठरल्या वेळी, एवढं पुरतं.

पहिले दहा-बारा दिवस आम्ही देतो ते असं: सकाळी ज्वारीच्या कण्या किंवा मुगाच्या डाळीचं धिरडं, दुपारी पोळी किंवा भाकरी, घट्ट वरण, ढेमसं, दोडका, दुधी, कोहळं यांतली एक भाजी, माणशी एक चमचा तेलात, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि त्याच दिवशी घुसळलेलं अदमुरं ताक, संध्याकाळी केळं, रात्री आठच्या आत मऊ भात-वरण किंवा खिचडी. लोक इथं एक चूक मनापासून करतात. घाबरून पंधरा-पंधरा दिवस नुसत्या पातळ खिचडीवर राहतात. व्रण भरायला प्रथिनं लागतात, साठ किलोच्या माणसाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम मिळतं, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. हिशोब मांडला की खिचडी कुठं कमी पडते ते त्यांना स्वतःलाच दिसतं. म्हणून दोन वेळचं वरण घट्ट करायचं, खाणाऱ्यानं रोज दोन उकडलेली अंडी, न खाणाऱ्यानं पनीर.

तर्री-पोह्यांतले पोहे निरुपद्रवी आहेत. गंजात डाव बुडवून वर काढताना पाहा: चणे तळाशी, आणि वर बोटभर लाल तेल तरंगतंय. ते तेल जठर रिकामं व्हायला उशीर लावतं, पोट जास्त वेळ ताणलेलं राहतं, आम्ल वर येतं, करपट ढेकर सुरू होतात. चार-सहा आठवड्यांनी खायचं झालं तर डाव आडवा करून तेल मागं सारायचं आणि खालचे चणे पोह्यांवर घ्यायचे, अर्धी प्लेट, आणि त्याआधी उपाशीपोटी चहा नको. सावजीचंही तसंच. काळ्या मसाल्याइतकाच त्रास तेलाचा आणि वेळेचा. रात्री साडेदहाला सावजी आणि साडेअकराला अंथरूण, हे जुळत नाही. दुपारी, भाकरीसोबत, रस्सा कमी आणि मटण जास्त, असं पुढं चालू शकतं.

संत्र्याची भीती जरा जास्तच आहे. जठरातलं आम्ल संत्र्यापेक्षा कितीतरी तीव्र असतं, संत्र्यानं अल्सर होत नाही. उघड्या व्रणावर आणि घशाशी येणाऱ्या जळजळीत मात्र ते झोंबतं. आंबिया बहाराची संत्री आली तरी उपचाराचे पहिले तीन आठवडे थांबायचं, मग जेवणानंतर एक. उपाशीपोटी ग्लासभर रस नको.

उपासाचं स्पष्ट बोलावं लागतं. चौदा दिवसांच्या कोर्समध्ये चतुर्थी आली तरी उपास नाही. प्रतिजैविकाला खाणं लागतं. नंतर करायचाच तर दिवसभर कडक राहून रात्री साबुदाणा वडे, हे नको. वेळेवर भगर, दही, केळं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की काळजी वेगळीच असते. कोर्समुळे जुलाब लागले तर इथल्या उन्हात माणूस एका दुपारीत कोरडा पडतो. ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं नाही. जुलाब पाण्यासारखे वारंवार झाले किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

खर्रा आमच्या भागातला सगळ्यात अवघड विषय. विडी-सिगारेटनं व्रण भरायला उशीर लागतो आणि तो उलटतोही, यात शंका नाही. खर्ऱ्यात तंबाखूसोबत चुना आहे, तो लाळेतून पोटात जातो, आणि भूक मरते म्हणून जेवणाची वेळ टळते. ‘हळूहळू कमी करतो’ म्हणणाऱ्याला आम्ही पन्नीतल्या पुड्या मोजायला लावतो, रोजचा आकडा तक्त्याच्या खाली लिहायचा. न मोजता कमी झालेला खर्रा आम्ही पाहिलेला नाही.

पूरक गोळ्या आणि चूर्णांचं तर पिशवीपेक्षा मोठं गाठोडं असतं. इतवारीच्या किराणा ओळीतून आणलेलं ज्येष्ठमध त्यात हमखास. ते निरुपयोगी नाही. त्यातल्याच द्रव्यापासून बनवलेलं कार्बेनॉक्सोलोन १९६० च्या दशकात अल्सरचं औषध म्हणून वापरात होतं. ते मागं पडलं ते दुष्परिणामांमुळे: अंगात पाणी साठणं, पोटॅशियम उतरणं, रक्तदाब चढणं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिननं हेच होतं. रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू असलेल्यानं ते घेऊ नये. ग्लिसिरायझिन काढलेलं मिळतं, डीजीएल नावानं, ते त्या मानानं सुरक्षित, जेवणाआधी चघळायचं. त्याच्या भरवशावर कोर्स टाळायचा नाही.

हळदीबद्दल आकडे बघावेत. २०२३ मध्ये थायलंडमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात दिवसाला २ ग्रॅम करक्युमिन अपचनाच्या तक्रारींवर ओमेप्राझोलइतकंच उपयोगी पडलं. पण त्या रुग्णांना अल्सर नव्हता. शिवाय हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमच्यात ९० मिलिग्रॅम. हळदीचं दूध म्हणजे ती चाचणी नव्हे. मिरीचा अर्क घातलेल्या करक्युमिन कॅप्सूल महिनोन्‌महिने घेतल्यानं यकृताला सूज आल्याची उदाहरणं आहेत, आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यानं त्या टाळाव्यात.

झिंक कार्नोसिनबद्दल आमचं मत बरं आहे. जपानमध्ये ते १९९४ पासून अल्सरचं औषध म्हणून दिलं जातं, ७५ मिलिग्रॅम दोनदा. यात दिवसाला सुमारे ३४ मिलिग्रॅम झिंक जातं, म्हणून सोबत झिंकवाली मल्टिव्हिटॅमिन नको; झिंक फार दिवस जास्त गेलं तर शरीरातलं तांबं कमी पडतं. आठ आठवडे, मग बंद. कोर्स चालू असताना सॅकरोमायसिस बुलार्डी २५० मिलिग्रॅम दोनदा दिलं तर जुलाब कमी होतात. ते यीस्ट आहे, प्रतिजैविकानं मरत नाही. कोबीचा रस रोज लिटरभर पिण्याचं खूळ १९४९-५० च्या अमेरिकेतलं. पिऊन अपाय नाही, पण पोट फुगतं आणि जेवण कमी जातं. कोरफडीच्या गरासोबत सालीखालचा पिवळा चीक गेला की जुलाब. सोड्याच्या अर्ध्या चमच्यात सहाशे मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं, रक्तदाबवाल्यानं ध्यानात ठेवावं. आणि सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या दिसल्या तर आम्ही त्या घेणं थांबवायला सांगतो; अशा पुड्यांत डायक्लोफिनॅक किंवा स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. स्टिरॉइडची शंका असलेली पुडी वर्षानुवर्षं घेतली असेल तर एकदम थांबवण्याआधी डॉक्टरांना दाखवायची.

रक्त गेलं असेल तर लोह लागतं. आम्ल कमी करणाऱ्या गोळीनं लोह कमी शोषलं जातं, त्यावर चहा घेतला तर आणखी कमी. दिवसाआड एक गोळी, चहापासून दोन तास दूर. शौच काळपट-हिरवी होईल, पण डांबरासारखी चिकट नाही. हा फरक घरच्यांनाही दाखवून ठेवायचा. कॅल्शियम कार्बोनेट पचायला आम्ल लागतं, म्हणून या दिवसांत सायट्रेट बरं. आम्लाची गोळी दोन वर्षांवर गेली असेल, आणि सोबत मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल, तर बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्यायचं. नुसत्या अंदाजानं इंजेक्शनं नकोत.

प्रतिजैविक संपून चार आठवडे आणि आम्लाची गोळी थांबून दोन आठवडे झाले की श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातली अँटिजन चाचणी. हे दुसरं पाऊल निम्मे लोक टाळतात, कारण बरं वाटत असतं. अल्सर जठरातला असेल तर आठ ते बारा आठवड्यांनी दुर्बीण पुन्हा, तो व्रण साधाच होता याची खात्री व्हावी म्हणून. लहान आतड्याच्या तोंडाशी असेल तर सहसा गरज पडत नाही.

गोळी बंद करताना एकदम बंद केली की आठवड्याभरात आधीपेक्षा जास्त जळजळ होते. दाबून ठेवलेले पंप उसळी मारतात, अल्सर परत आलेला नसतो. ४० वरून २० मिलिग्रॅम दोन आठवडे, मग दिवसाआड दोन आठवडे, अधल्या दिवशी लागलंच तर अँटासिड. हे डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्यावरच. अ‍ॅस्पिरिन पुढंही चालू राहणार असेल तर आम्लाची गोळी बंद होत नाही.

तिसऱ्या महिन्यात तक्ता परत घेताना आम्ही एक छोटा कागद पाकिटात ठेवायला देतो. दात काढायचा असो, पाय मुरगळलेला असो, तो आधी डॉक्टरांसमोर ठेवायचा. त्यावर चार ओळी असतात: अल्सर होऊन गेला, कोणत्या महिन्यात, कोणता कोर्स झाला आणि नंतरची चाचणी काय आली, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड चालत नाही, पॅरासिटामॉल चालतं.